खुर्ची एकीची, गट सगळ्यांचा

शेतात भांगलण करता करता कानाला मोबाईल लावून ऐकणाऱ्या, चुलीपुढं बसून ऐकणाऱ्या, आणि गटाच्या बैठकीत सगळ्या मिळून ऐकणाऱ्या सगळ्यांना आमचा रामराम. आजचं भाषण आम्ही गटातल्या बायकांनी मिळून तयार केलं आहे. वाचणारी एक असली तरी बोलणं सगळ्यांचं आहे.

विषय ऐकून काहीजणी हसतील. आज आम्ही एका शास्त्रज्ञाविषयी बोलणार आहोत. ते आकाशाचं गणित मांडायचे. त्यांचं नाव डॉ. जयंत विष्णू नारळीकर. तुम्ही म्हणाल, आपल्या बचत गटाचा आणि आकाशाच्या गणिताचा काय संबंध? संबंध आहे. आमच्या गटाला बारा वर्षं होत आली. पहिल्या दिवसापासून अध्यक्ष एकच आहेत. बाई सरळ, कष्टाळू, पैशाला चोख. बँकेत सही त्यांची, साहेबांची ओळख त्यांची, कर्जाचा अर्ज कसा भरायचा ते त्यांनाच ठाऊक. आता त्याच म्हणतात, "बायांनो, मला मोकळं करा, दुसरी कुणीतरी पुढं या." आणि पुढं यायला कुणी तयार नाही. हा प्रश्न फक्त आमच्या गटाचा नसणार. छोटी संस्था उभी कशी करायची, चालवायची कशी आणि वेळ आली की दुसऱ्याच्या हाती द्यायची कशी, हे नारळीकरांनी करून दाखवलं. म्हणून हा विषय घेतला.

आधी माणूस कोण ते सांगतो. नारळीकर आपल्या कोल्हापूरचे. जन्म 19 जुलै 1938चा, कोल्हापुरातच झाला. वडील विष्णू वासुदेव नारळीकर गणिताचे मोठे प्राध्यापक, बनारस हिंदू विद्यापीठात शिकवायचे. आई सुमतीबाई हुजूरबाजारांच्या घरातल्या, संस्कृतच्या जाणकार. त्यामुळं जयंतरावांचं बालपण गेलं बनारसला. घरात वडिलांनी भिंतीवर फळे लावून घेतले होते. शिकायला येऊन राहिलेले मोरूमामा त्या फळ्यावर भाच्यासाठी एखादं अवघड गणित लिहून ठेवत. गणित सुटेपर्यंत, नाहीतर भाचा हरलो म्हणेपर्यंत, ते पुसलं जात नसे. कुणी ओरडत नसे, मार्क देत नसे. येताजाता डोळ्यांसमोर गणित, आणि डोकं आपोआप कामाला. आपल्या घरात फळा नसला तरी दाराचं फळकूट आणि खडूचा तुकडा असतोच. पोरांसाठी एवढं कुणालाही करता येईल.

1957 साली बनारसहून पदवी घेऊन ते विलायतेला केंब्रिजला गेले. गणिताच्या अवघड परीक्षेत वडिलांसारखेच रँग्लर झाले आणि फ्रेड हॉयल नावाच्या नामवंत खगोलशास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधनाला लागले. 1963 साली डॉक्टरेट मिळाली. 1964 साली गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला आणि जगभर नाव झालं. 1965 साली भारत सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं, तेव्हा त्यांचं वय होतं सव्वीस.

हे काम कसलं, तेही समजून घेऊ. शास्त्रज्ञ दोन प्रकारचे असतात. एक प्रयोग करणारे, म्हणजे दुर्बिणी लावणारे, यंत्रं चालवणारे. दुसरे कागद-पेन्सिल घेऊन गणितानं विचार करणारे. त्यांना सैद्धान्तिक शास्त्रज्ञ म्हणतात. नारळीकर दुसऱ्या प्रकारातले. गवंडी भिंत रचण्याआधी दोरी लावून ओळंबा धरतो ना, तसं हे लोक गणिताची दोरी लावून सांगतात की विश्व असं असेल तर अमुक दिसायला पाहिजे. मग दुर्बीणवाले बघून सांगतात, तसं दिसतं की नाही.

त्या काळात मोठा वाद चालू होता. विश्व पसरतंय हे कळलं होतं. आंबवलेलं पीठ रात्रभरात फुगतं आणि त्यातले मेथीचे दाणे एकमेकांपासून लांब जातात, तशा आकाशातल्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे अफाट मोठे समूह, एकमेकींपासून लांब चालल्या आहेत. एका बाजूचे शास्त्रज्ञ म्हणत, म्हणजे पूर्वी कधीतरी सगळं एकत्र, दाट आणि तापलेलं असणार, तिथून ही सुरुवात झाली. याला महास्फोटाचा सिद्धान्त म्हणतात. हॉयल म्हणत, तसं नाही. विश्वाला सुरुवात नाही आणि शेवट नाही. जुन्या दीर्घिका लांब जातात तशी मधल्या जागेत नवी वस्तू तयार होत राहते. आठवडी बाजार कसा असतो? सकाळचे लोक घरी जातात, दुपारचे येतात, बाजार मात्र कधीही बघा, भरलेलाच. हा स्थिर स्थितीचा सिद्धान्त. नारळीकर गुरूच्या बाजूनं उभे राहिले.

पुढं 1965 साली अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की आकाशाच्या सगळ्या बाजूंनी एकसारखी अगदी मंद ऊब येते. सकाळी चुलीतल्या राखेत हात घातला आणि ती कोमट लागली, तर आपण ओळखतो की रात्री इथं जाळ होता. तसंच बहुतेक शास्त्रज्ञांनी या उबेवरून ओळखलं की सुरुवातीला विश्व तापलेलं होतं. महास्फोटाचं पारडं जड झालं. नारळीकरांना मात्र ते पटलं नाही. हॉयल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी 1993 साली आपला सिद्धान्त बदलून, सुधारून पुन्हा मांडला. आयुष्यभर ते थोड्यांच्या बाजूला राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

1966 साली हॉयल यांनी केंब्रिजला सैद्धान्तिक खगोलशास्त्राची एक छोटी संस्था काढली. पहिल्यापासून काम करणाऱ्यांत नारळीकर होते. चार हुशार माणसं एका छताखाली आणली, त्यांना मोकळेपणानं भांडू दिलं, की काय काम होतं ते त्यांनी तिथं पाहिलं. 1972 साली वादावादीनंतर हॉयल यांनी केंब्रिज सोडलं. त्याच वर्षी नारळीकर भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. नाव, पगार, घर, सगळं नीट होतं. निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

पण 1988 साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष प्रा. यशपाल यांनी त्यांच्यापुढं एक काम ठेवलं. देशात विद्यापीठं पुष्कळ, शिकवणारे पुष्कळ. पण लहान गावच्या कॉलेजातल्या मास्तराला आकाशाचा अभ्यास करायचा तर पुस्तकं नाहीत, संगणक नाही, बोलायला दुसरा जाणकार माणूस नाही. प्रत्येक विद्यापीठाला हे सगळं विकत घेणं परवडत नाही. मग सगळ्यांना मिळून एकच केंद्र का काढू नये?

आपल्याला हे नवीन नाही. प्रत्येक घरी मळणी मशीन घेता येत नाही, म्हणून चारजण मिळून घेतात आणि पाळीपाळीनं वापरतात. पैऱ्यानं बैल जोडायचा तसंच. पुण्याला विद्यापीठाच्या आवारात असं सगळ्या विद्यापीठांचं केंद्र उभं राहिलं. त्याला 'आयुका' म्हणतात. जवळच नारायणगावच्या बाजूला खोडदला डॉ. गोविंद स्वरूप तीस मोठ्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारत होते, तोही फायदा होता. नारळीकर पन्नाशीत मुंबई सोडून पुण्याला आले. नरेश दधीच आणि अजित केंभावी हे दोन सहकारी सुरुवातीपासून बरोबर होते. इमारत चार्ल्स कोरिया यांनी बांधली. मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. आपले आणि परके शेजारी शेजारी.

आता बघा, हे केंद्र चालवलं कसं.

पहिली गोष्ट म्हणजे, केंद्र तिथं नोकरी करणाऱ्यांपुरतं ठेवलं नाही. ठिकठिकाणच्या कॉलेजातल्या आणि विद्यापीठांतल्या मास्तरांना, बाईंना सहयोगी म्हणून निवडायचे. वर्षातून काही आठवडे त्यांनी यायचं, राहायचं, ग्रंथालय आणि संगणक वापरायचा, तज्ज्ञांशी बोलायचं आणि आपल्या गावी जाऊन काम पुढं चालवायचं. केंद्रात कायमची माणसं मोजकीच, पण येणाजाणारी पुष्कळ. ज्याच्या कॉलेजात काहीच नाही, त्यालाही हक्कानं दार उघडं. गटाचं शिलाई मशीन अध्यक्षांच्याच घरी राहिलं तर कागदावर ते सगळ्यांचं असतं, पण वापरात एकीचंच होतं. आयुकात हे होऊ दिलं नाही.

दुसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात मोठी वाटली. मघाशी लक्षात ठेवा म्हणालो ती हीच. संचालक नारळीकर. त्यांचं मत महास्फोटाच्या विरुद्ध. त्यांच्याच केंद्रात मात्र तरुण शास्त्रज्ञ महास्फोट मान्य करून काम करत होते. त्यांचे स्वतःचे विद्यार्थी थानू पद्मनाभन तिथं आले आणि त्याच वाटेनं मोठं नाव कमावलं. तरुण सौरदीप यांनी तर त्या आकाशातल्या उबेचाच अभ्यास केला. म्हणजे साहेबांच्या मताविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा, त्याचाच अभ्यास साहेबांच्या संस्थेत. नारळीकरांनी आपलं मत सोडलं नाही. लेख लिहिले, व्याख्यानं दिली, वाद घातला. पण आपल्या मताच्याच माणसांनी संस्था भरली नाही.

संजीव धुरंधर यांची गोष्टही तशीच. गुरुत्वीय लहरी म्हणजे आकाशात दूर कुठंतरी अजस्र वस्तू एकमेकींवर आदळल्या की अवकाशात उठणारा तरंग. आइन्स्टाइननं 1916 साली सांगितलेला, पण कुणाला थेट टिपता न आलेला. धुरंधर 1989 साली आयुकात आले आणि या तरंगाचा मागमूस गोंगाटातून कसा शोधायचा, त्याचं गणित करत बसले. हाती काही लागेल याची खात्री नव्हती. तरीही त्या कामाला जागा मिळाली. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या यंत्रांनी तो तरंग पहिल्यांदा टिपला. त्या कामात आयुकातल्या माणसांचा वाटा होता. आता तसंच यंत्र आपल्याच महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहायचं आहे. पंचवीस वर्षांनी फळ देणारं झाड लावायचं, तर लावणाऱ्याला धीर पाहिजे आणि खुर्चीवरच्याला दुसऱ्यावर भरवसा पाहिजे.

गटात कधी कधी काय होतं, ते आपण सगळ्या जाणतो. अध्यक्षबाई म्हणाल्या मसाला करायचा, की सगळ्या मान हलवतात. एखादी म्हणते, "बाई, आपल्या गावात मसाला करणारे तीन गट आहेत, आपण शेवया करू." तिच्याकडं सगळ्या अशा बघतात की ती परत तोंड उघडत नाही. इतिवृत्तात लिहायचं, ठराव एकमतानं मंजूर. अशा एकमताचा काही उपयोग नाही. जिचं म्हणणं वेगळं, तिला थोडे पैसे, थोडा वेळ देऊन बघायला काय हरकत आहे? दोन किलो शेवया करा, बाजारात ठेवा, हिशोब मांडा. विकल्या तर ठीक, नाही तर तेही कळलं.

हिशोब मांडून बघायचं, ही नारळीकरांची सवय फक्त आकाशापुरती नव्हती. 2008 साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीनं त्यांनी पत्रिकेची परीक्षा घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. ज्योतिषांना चाळीस-चाळीस पत्रिका पाठवून विचारलं, यातलं कुठलं मूल हुशार आणि कुठलं मतिमंद, सांगा. ज्यांनी उत्तरं पाठवली, त्यांची बरोबर उत्तरं मिळून निम्मीसुद्धा भरली नाहीत. नाणं उडवून सांगितलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. कुणाला शिव्या दिल्या नाहीत, ताळा करून आकडे पुढं ठेवले. पत्रिकेपायी ज्यांच्या लेकींची लग्नं अडली आहेत, त्या बायांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

तिसरी गोष्ट, दार पोरांसाठी उघडं ठेवलं. मुलं त्यांच्याकडं सही मागायला यायची. ते सांगायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर लिहून खाली सही करीन. आणि खरंच उत्तरं पाठवायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची मुलं आठवडाभर आयुकातल्या शास्त्रज्ञांबरोबर काम करायची, ठरलेला अभ्यासक्रम काही नाही. पु. ल. देशपांडे यांच्या नावच्या देणगीतून तिथं मुलांसाठी विज्ञान शोधिका झाली. तिथं अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या, सायकलची ट्यूब, टाकून दिलेल्या बाटल्या यांतून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवलं. या खेळण्यांना पैसे लागत नाहीत, आपल्या अंगणवाडीतही होण्यासारखी आहेत.

मराठीत गोष्टीही ते लिहायचे, विज्ञानाच्या. पहिली गोष्ट 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नाव बदलून, नारायण विनायक जगताप म्हणून. नावाची आद्याक्षरं उलटी केली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती बायकोकडून लिहून घेतली. मोठ्या नावाला बक्षीस मिळतं, हे त्यांना नको होतं. गोष्टीला पहिलं बक्षीस मिळालं.

आता त्या अक्षराच्या मालकिणीविषयी. मंगलाताई, माहेरच्या राजवाडे. मुंबई विद्यापीठात गणिताच्या एम. ए.ला पहिल्या आलेल्या, सुवर्णपदक मिळवलेल्या. 1966 साली लग्न झालं. मग परदेशातला संसार, तीन मुली, परत आल्यावर सासूसासरे, पाहुणेरावळे. या सगळ्यातून वाट काढत 1981 साली, अडतिसाव्या वर्षी, त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली. नवऱ्याला पंचविशीत मिळालेली पदवी त्यांना अडतिशीत मिळाली. हुशारीत कमी होत्या म्हणून नव्हे. दिवसाचे तास घरात वाटले गेले म्हणून. हे बोलल्याशिवाय नारळीकरांची गोष्ट पुरी होत नाही. पुढं मंगलाताईंनी कॉलेजात शिकवलं, मुलांना गणित सोपं करून सांगणारी पुस्तकं लिहिली. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असं आलं आणि महाराष्ट्रभर वाद झाला, आठवतंय? त्या समितीच्या प्रमुख मंगलाताईच होत्या. लिहिताना आधी दोन आणि मग एक, बोलताना आधी एक आणि मग वीस, यात लहान मुलं गोंधळतात, एवढंच त्यांचं म्हणणं. टीका झाली, पण त्या शांतपणे समजावत राहिल्या. 17 जुलै 2023 रोजी त्या गेल्या.

चौथी गोष्ट, खुर्ची सोडणं. 2003 साली पंधरा वर्षं पुरी करून नारळीकर संचालकपदावरून निवृत्त झाले. त्यांच्यानंतर दधीच आले, दधीचांनंतर केंभावी. दोघंही पहिल्यापासून खांद्याला खांदा लावून काम केलेले, कुठली फाईल कुठं ते माहीत असलेले. म्हणून संस्था अडली नाही. 2006 साली जुन्नरच्या बाजूला गिरवलीच्या डोंगरावर आयुकाची दोन मीटर आरशाची दुर्बीण सुरू झाली, ती नारळीकर खुर्चीवर नसताना. 20 मे 2025 रोजी पुण्यात नारळीकरांचं निधन झालं. आयुकाचं काम दुसऱ्या दिवशीही चालूच होतं.

मैत्रिणींनो, या सगळ्याचा विचार करून आमच्या गटानं काही गोष्टी ठरवल्या आहेत. त्या तुमच्यापुढं ठेवतो, पटल्या तर तुमच्या बैठकीत मांडा. अध्यक्षबाई बँकेत जातील तेव्हा दर वेळी वेगळी एकजण बरोबर जाईल आणि पावती तीच भरेल. नोंदवही दर महिन्याला दुसरीच्या हातात, जिला लिहायला जमत नाही तिच्या शेजारी तिची लेक नाहीतर सून बसेल. ठरावाच्या वेळी जिचं म्हणणं वेगळं, तिचं नाव आणि म्हणणं इतिवृत्तात लिहायचं. आणि सहा महिन्यांनी नव्या अध्यक्ष निवडायच्या. जुन्या अध्यक्ष वर्षभर साध्या सभासद म्हणून बैठकीला येतील, विचारलं तर सांगतील, विचारलं नाही तर चहा घेतील. हे शेवटचं वाक्य त्यांनीच घालायला लावलं आहे.

आणि एक काम घरी करा. पोरांना, पोरींना विचारा, आकाशाविषयी तुला काय कळत नाही? तो प्रश्न एका पोस्टकार्डावर लिहून या रेडिओच्या पत्त्यावर पाठवा. गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना, बाईंना आम्ही बोलावणार आहोत. तुमच्या लेकरांच्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या महिन्यात इथंच ऐकायला मिळतील. प्रश्न लहान असला तरी चालेल, पण अक्षर लेकराचं पाहिजे.

आता धारा काढायची वेळ झाली. रामराम.